मदत हवी आहे: कंपाउंडलगत २ फुटी पट्टीत आडोशासाठी काय लावू?

पुण्यात रो-हाउस आहे. पश्चिमेच्या कंपाउंडलगत ३० फूट लांब, २ फूट रुंद पट्टी मोकळी आहे. भिंत ४ फुटी, पलीकडे सोसायटीचं पार्किंग. ७-८ फुटांपर्यंत दाट आडोसा हवाय. दुपारनंतर कडक ऊन, माती काळी, खाली बांधकामाचा राडारोडा. ५ फुटांवर ड्रेनेजची लाइन. घरात लहान मूल आणि कुत्रा आहे. नर्सरीत गोल्डन बांबू, खोटा अशोक आणि कामिनी सुचवली. काय घेऊ, किती रोपं लागतील?

रानजाई:
कामिनी घ्या. गोल्डन बांबू म्हणून बहुधा पिवळ्या काठीवर हिरव्या रेघांचा बांबू देतात. तो ३० फुटांवर जातो आणि बेट पसरलं की भिंतीला रेटतं. खोटा अशोक ८ फुटांवर रोखायला कायम छाटत बसावं लागेल. कण्हेर, बिट्टी विषारी, ड्युरांटाची फळंही, तुमच्याकडे नकोत. फायकस आणि कोनोकार्पसची मुळं ड्रेनेजमध्ये शिरतात. कोनोकार्पसवर तर गुजरातने २०२३ मध्ये बंदीच घातली.

पट्टीच्या मधोमध, २-२ फुटांवर १५ रोपं बसतील. सुटे खड्डे नकोत, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल सलग चर घ्या. काळ्या मातीत सुटा खड्डा पावसात हौदासारखा भरतो आणि मुळं कुजतात. राडारोडा वेचून काढाच. सिमेंट-चुन्याने मातीचा सामू (pH) चढतो, झाडाला लोह मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात आणि झाड जातं. अशी पानं दिसली तर चिलेटेड लोह (अशा मातीतही झाडाला शोषता येणारं लोहखत) द्या.

भरताना दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत. रोपाची पिशवी ब्लेडने दोन्ही बाजूंनी चिरून पूर्ण काढा. नुसती भोकं पाडून पुरली तर मुळं आतच गुंडाळत राहतात. मातीचा गड्डा जमिनीपेक्षा इंचभर वर ठेवा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ५ फुटी तयार रोपं आणली तर लवकर आडोसा होईल ना?

रानजाई:
होणार नाही. ती वर झुपका आणि खाली नुसता दांडा अशी असतात, बुंध्याशी फट कायम राहते. दीड-दोन फुटी, तळापासून फुटलेली रोपं निवडा आणि लावल्यावर महिन्याभराने शेंडे खुडा. हवी ती उंची गाठेपर्यंत छाटायचंच नाही, ही सगळ्यात मोठी चूक. दर ९-१० इंच वाढीला शेंडा मारा आणि कुंपण तळाशी रुंद, वर निमुळतं ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. ७ फुटांना चारेक वर्षं धरा.

कुदळ:
तोवर भिंतीकडच्या कडेला जूनमध्ये शेवरीचं बी फूटफूट अंतरावर टोका. पानमळ्यात सावलीला लावतात तीच. पावसाळा सरेपर्यंत पुरुषभर उंच होते. कामिनीवर झुकणाऱ्या फांद्या काढत राहा आणि दुसऱ्या वर्षाअखेर शेवरी जमिनीलगत कापा. उपटू नका, कामिनीची मुळं दुखावतील.

एक विचारायचं राहिलं: जवळपास लिंबू किंवा संत्रं आहे का? लिंबूवर्गीय झाडांवरची सायला कीड कामिनीवरही पोसते आणि ग्रीनिंग रोग पसरवते. असेल तर कामिनीऐवजी अडुळसा लावा, अंतर तेच.