मदत हवी आहे : जांभ्या जमिनीतील अर्थिंग आणि मांगरातील वर्कशॉपसाठी आरसीसीबी

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळ किनाऱ्यालगत आमचे चिरेबंदी घर असून परड्यातल्या मांगरात (घरामागच्या जोडखोलीवजा शेडमध्ये) मी लाकूडकामाची यंत्रे बसवली आहेत. एक हॉर्सपॉवरची लेथ, गोल पात्याचे कटर मशीन, बेंच ग्राइंडर आणि हातात धरून चालवायची ड्रिल, सँडर वगैरे हत्यारे आहेत. सर्व काही सिंगल फेज, २३० व्होल्टवर चालते. घरातील मुख्य बोर्डापासून मांगरापर्यंत सुमारे २५ मीटर केबल जमिनीखालून आणली आहे. मांगरात सिमेंटचा कोबा आहे, तरी पावसाळ्यात तो खालून ओल धरतो. वाडीतील मुले लेथवरचे काम शिकायला येतात आणि ती बहुधा अनवाणीच असतात, म्हणून पुढील मिरगाच्या आत शॉकपासूनच्या सुरक्षिततेचा हा विषय कायमचा मार्गी लावण्याची माझी इच्छा आहे.

मूळ अडचण जमिनीची आहे. वर वीतभर माती आणि त्याखाली सलग जांभा. वायरमनने नेहमीच्या पद्धतीप्रमाणे अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप कोळसा-मीठ घालून पुरला आहे. अर्थ टेस्टरने मोजले असता भर पावसाळ्यात सुमारे २० ओहम रीडिंग येते, तर मे महिन्यात तेच ९० ओहमपर्यंत चढते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरून न ठेवता खाली सोडतो, त्या पाण्याबरोबर मीठही निघून जाते, आणि जे उरते ते पाइपलाच खाते.

आता ९० ओहमचा अर्थ काय होतो तो पाहू. समजा, लेथच्या मोटरमध्ये फेजची तार बॉडीला लागली. २३० भागिले ९० म्हणजे जेमतेम अडीच अँपिअर करंट जमिनीत जाईल. माझा एमसीबी (ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेल्यास आपोआप पडणारा, म्हणजे पुरवठा तोडणारा स्विच) १६ अँपिअरचा, सी प्रकारचा आहे, तो तात्काळ पडण्यासाठी किमान ८० अँपिअर लागतात. म्हणजे एमसीबी ढिम्म राहणार, जवळजवळ सगळा व्होल्टेज लेथच्या बॉडीवर उभा राहणार, आणि तेथे हात लागेपर्यंत कोणाला काही कळणार नाही. बॉडीला अर्थिंगची तार व्यवस्थित जोडलेली असूनही हे घडू शकते, ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते, कारण आमच्याकडे ‘अर्थिंग केलेले आहे’ एवढ्या एका वाक्यावर लोक निर्धास्त होतात.

याउलट ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत फरक, म्हणजे गळती, दिसताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल, तर त्याच ९० ओहमवर बॉडीचा व्होल्टेज तीन व्होल्टलाही पोहोचण्याआधी तो पडायला हवा. हा हिशेब बरोबर असल्यास माझा पहिला प्रश्न असा आहे की, आरसीसीबी बसवल्यानंतर अर्थिंगचे रीडिंग आणखी खाली आणण्यासाठी खर्च करावा का? माझे स्वतःचे मत ‘करावा’ असे आहे, कारण खाऱ्या हवेत आरसीसीबीची आतील यंत्रणा अडकली तर दुसरा आधार राहत नाही. टेस्ट बटण दाबून तो पडतो, यावरून केवळ त्याची यंत्रणा चालू आहे एवढेच समजते. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी ते बटण काम करतेच. पण कातळात खोल बोअर मारून त्यात लांब इलेक्ट्रोड सोडावा, की विहिरीजवळच्या ओलाव्यात दुसरा पाइप पुरून दोन्ही जोडावेत, हे ज्यांनी अशाच जमिनीत करून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे. मिठाऐवजी बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरल्याने उन्हाळ्यातील रीडिंगमध्ये खरोखर फरक पडतो का, हेही कळावे.

दुसरा प्रश्न आरसीसीबीच्या जागेचा. तो फक्त मांगरात बसवला तर जमिनीखालची केबल संरक्षणाबाहेर राहते; फक्त घरात बसवला तर ग्राइंडरच्या दोषाने घरातला फ्रिजही बंद पडतो. म्हणून घरात १०० मिलिअँपिअरचा, मुद्दाम उशिरा पडणारा एस प्रकारचा, आणि मांगरात ३० मिलिअँपिअरचा तात्काळ पडणारा, अशी रचना योजली आहे. पुढे लेथला वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवायचा आहे. एसी प्रकारचा (फक्त साध्या एसी करंटची गळती ओळखणारा) आरसीसीबी अशा ठिकाणी भरवशाचा नसतो, हे माहीत आहे. मात्र इतर स्वरूपाची गळतीही ओळखणाऱ्या प्रकारांपैकी ए पुरेल की एफ किंवा बी घ्यावा लागेल?

एका बाबतीत मी वायरमनचे ऐकलेले नाही. ‘रीडिंग खाली येत नसेल तर बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ लूप करून (एकमेकांना जोडून) टाकू’ असे त्याने सुचवले होते. वाऱ्यात झावळ पडून खांबावरचा न्यूट्रल तुटणे आमच्याकडे नवीन नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तर उत्तर कोकणात खांबच्या खांब आडवे झाले होते. असा लूप असताना न्यूट्रल तुटला, तर घरात चालू असलेल्या एखाद्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज परत येऊन प्रत्येक यंत्राच्या बॉडीवर बसेल आणि लूप आरसीसीबीच्या आधी असल्यास त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. आपल्या घरी कोणी असा लूप केला असेल, तर कृपया तो आजच काढून घ्यावा.

मांगरात सध्या तात्पुरता ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला आहे. तो दमट सकाळी, एकही यंत्र चालू नसताना, पडतो. सगळे एमसीबी पाडले तरीही टिकत नाही. दोष कसा शोधावा?

नंतर घातलेली भर : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एमसीबी सिंगल पोल असल्यामुळे ते पाडूनही न्यूट्रल जोडलेलाच राहतो, हे एका जाणकारांनी लक्षात आणून दिले. त्याप्रमाणे मेन बंद करून एकेका सर्किटचा न्यूट्रल सोडवला आणि मेगर (तारांचे इन्सुलेशन तपासायचे मीटर) लावला. कटर मशीनच्या सर्किटवर काटा शून्याजवळच राहिला. स्विचची डबी उघडली, तर बारीक भुसा ओल पिऊन टर्मिनलभोवती घट्ट बसला होता आणि न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत त्याचा हिरवट पूल तयार झाला होता. तो खरवडून डबी कोरडी केल्यावर रीडिंग एक मेगाओहमच्या वर गेले आणि आरसीसीबी टिकू लागला. आता तेथे आयपी ५५ ची (धूळ आणि पाण्याचे फवारे यांपासून संरक्षण देणारी) बंद डबी आणि रबरी ग्लँड लावणार आहे. डबीच्या आत साचणारा दमटपणा बाहेर जाण्यासाठी तळाला छिद्र ठेवावे की ती पूर्ण बंदच ठेवावी, याबद्दल किनाऱ्यावर काम केलेल्यांचा अनुभव हवा आहे.