मदत हवी आहे: कासवाच्या पिल्लाचे परसदारचे कुंपण पावसाळ्याआधी सुरक्षित कसे करावे?

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात, समुद्राची गाज घरात ऐकू येईल इतक्या जवळ राहतो. गेल्या दिवाळीत माझे धाकटे दीर परदेशी गेले, तेव्हा त्यांनी त्यांच्याकडचे सुल्काटा जातीचे पिल्लू आमच्या स्वाधीन केले. आपल्याकडचे चांदणी कासव 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने संरक्षित असून ते घरी पाळणे गुन्हा आहे. हे ते नव्हे. हे आफ्रिकेतील, सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातले कासव असून 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी आणि आमच्या नावे हस्तांतर झालेले आहे.

पिल्लाचे कवच सध्या साडेनऊ सेंटीमीटर लांब आहे. त्याच्यासाठी परसदारी आठ फूट लांब, पाच फूट रुंद जागेला चिऱ्यांची दीड फूट उंच भिंत बांधून घेतली. भिंत मुद्दाम भरीव ठेवली, कारण पलीकडचे दिसले की कासव दिवसभर तिथेच धडका देत राहते. वर काच किंवा प्लास्टिकचा पत्रा न घालता जाळी टाकली. काचेतून ऊन येते, पण ज्या अतिनील किरणांमुळे कवचाला आणि हाडांना लागणारे जीवनसत्त्व ड तयार होते, ते बहुतांशी अडतात. कुंपणालगतची कण्हेर विषारी म्हणून मुळासकट काढली. हरळी आणि जास्वंदीची पाने ते आवडीने खाते.

मागच्या मंगळवारी सकाळी मात्र काळजाचा ठोका चुकला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तीच षटकोनी जाळी मी वापरली होती. खाऱ्या वाऱ्याने तिचा एक कोपरा गंजून सुटला आणि तिथून कावळा आत उतरला. मी पोहोचले तेव्हा पिल्लू उताणे पडून चारही पाय हवेत मारत होते आणि मागच्या उजव्या पायाच्या खवल्यांवर चोचीचा ओरखडा उठला होता. ऊन कोवळे होते म्हणून निभावले. भर दुपारी असे पडून राहिले असते तर तापूनच दगावले असते. त्याच दिवशी भिंतीच्या बुडाशी घुशीने उकरलेली ताजी मातीही दिसली. मागे काजूची बाग असल्याने मुंगसांचा वावर नेहमीचाच. तेव्हापासून मी हजर असेन तेवढाच वेळ त्याला बाहेर सोडते.

आता अर्ध्या इंची चौकोनी वेल्डेड जाळी वर लावून तीच भिंतीखाली फूटभर पुरावी असा विचार आहे, कारण घूस बाहेरून उकरते आणि ही जातही मुळात बिळे खणणारी आहे. पण साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी या हवेत किती टिकेल? प्लास्टिकचे आवरण असलेली किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी किनाऱ्यावर कोणी वापरली आहे का?

खरी अडचण पावसाची आहे. हवा फार कोरडी असेल तर पिल्लाचे कवच उंचवट्यांनी वेडेवाकडे वाढते, त्यामुळे आपल्याकडचा दमटपणा तसा उपकारक. परंतु ओल आणि गारवा एकत्र आला की श्वसनाचा संसर्ग होतो, नाकाला फेस येतो. मृग लागल्यावर त्याला पडवीत लाकडी पेटीत, उबेसाठी दिवा आणि अतिनील किरणांची नळी लावून ठेवायचे ठरवले आहे, मात्र आमच्याकडे पावसात वीज दोन-दोन दिवस जाते. अशा वेळी ऊब कशी टिकवावी? श्रावणात तासभर ऊन पडले तर ओल्या जमिनीवर सोडावे, की फळीवर कोरडी जागा करून द्यावी? शिवाय उरलेल्या पाल्यावर लाल मुंग्या चढतात. पिल्लू जवळ असताना औषध फवारायला मन धजत नाही.

किनारपट्टीवर जमिनीवरचे कासव सांभाळलेल्यांनी कोणती जाळी वापरली आणि ती किती पावसाळे टिकली, हे कृपया लिहावे. गवंडी आगोटीआधी एकदाच येणार आहेत.