शेतीच्या समुद्री माशांतील प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू : शिजवल्यावर धोका उरतो का?

सदरकर (प्रश्न): नागपुरात मंगळवारी बाजारात बर्फाच्या पेट्यांतून जिताडा येतो, बंगाली गिऱ्हाइके त्याला भेटकी म्हणतात. हा मासा शेतीचा असल्याचे विक्रेते स्वतःच सांगतात. अशा माशांना खाद्यातून प्रतिजैविके दिली जातात आणि त्यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात, असे वाचले. घरी सासऱ्यांना मधुमेह आहे. मासा नीट शिजवला तर पुरेसे आहे का?

सूक्ष्मदर्शी: आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिवाणू औषधाला दाद देत नसला तरी उष्णतेने मरतोच. मासा काट्यापासून सहज सुटेपर्यंत शिजवावा. औषधाचा अंश मात्र शिजवून पूर्णपणे जात नाही, म्हणून औषध थांबवल्यावर ठरावीक दिवस मासे विक्रीला काढायचे नसतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान वर्गातील औषधांवर तर आपल्याकडे मत्स्यशेतीत बंदीच आहे. घरात जपायचे ते ओट्यावर, कारण ज्या विळीवर कल्ले काढले तिच्यावरच काकडी चिरली, तर जिवाणू न शिजताच पोटात जातात. शिवाय प्रतिकाराची जनुके बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या वेटोळ्यांवर असतात आणि ती माशाच्या निरुपद्रवी जिवाणूकडून माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूकडेही जाऊ शकतात.

भोईपुरा: पिशवीतून गळणारे बर्फाचे पाणी सांभारावर, म्हणजे कोथिंबिरीवर पडते, हे कोणी पाहत नाही. मासळीसाठी झाकणाचा डबा न्यावा.

तेलंगखेडी: मूळ दुखणे औषध देण्याच्या पद्धतीत आहे. आजारी मासा खाणे सोडतो, त्यामुळे खाद्यातले औषध धडधाकट मासेच खातात आणि उरलेले मासे पाळायच्या जाळीच्या पिंजऱ्याखालच्या गाळात बसते, जिथे जिवाणूंना थोड्या मात्रेची सवय होत राहते. यावर लशीचा उपाय सिद्ध झाला आहे. नॉर्वेत 1987 साली सामन माशांच्या शेतीत सुमारे 50 टन प्रतिजैविके वापरली गेली. माशांना लस टोचणे रुळल्यावर उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही 2015 नंतर बहुतेक वर्षी हा वापर एक टनाच्या आत राहिला. चिलीत मात्र पिसिरिकेट्सिया या जिवाणूवर तितकी परिणामकारक लस न मिळाल्याने फ्लोरफेनिकॉल या प्रतिजैविकाचा वापर शेकडो टनांवर गेला.

सासऱ्यांबाबत एक सांगतो. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा खाऱ्या पाण्यातला जिवाणू जखमेतूनही शिरतो आणि मधुमेहींना त्याचा त्रास अधिक होतो.

सदरकर: मासे साफ करण्याचे काम आमच्याकडे तेच करतात आणि काटा हाताला लागला तर हळद दाबून पुढे चालू ठेवतात. उद्यापासून ते काम माझ्याकडे.