अहवालातला नायट्रेटचा आकडा कसा वाचावा

विहिरीच्या पाण्याच्या तपासणी अहवालाबद्दल विचारलेल्या प्रश्नाला इथे एकाने उत्तर दिले आहे की पाण्यात नायट्रेट 12 मिलिग्रॅम प्रतिलिटर आले आणि मर्यादा 45 असल्यामुळे चिंता नाही. मला ही तुलनाच चुकीची वाटते. 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही भारतीय मानकातली मर्यादा संपूर्ण नायट्रेटची आहे, तर अमेरिकेतल्या प्रयोगशाळा बहुधा त्यातल्या केवळ नायट्रोजनचे प्रमाण कळवतात आणि तिथली नायट्रोजनची मर्यादा 10 आहे. हा 12 चा आकडाही तसा नुसत्या नायट्रोजनचा असेल, तर तो संपूर्ण नायट्रेटमध्ये बदलण्यासाठी 4.43 ने गुणल्यावर सुमारे 53 येतात, म्हणजे हे पाणी दोन्ही मानकांत नापास ठरते. आमच्या काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) घराचा अहवाल हाती आला तेव्हा मीही हाच घोळ घातला होता. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत ‘एन’, म्हणजे नायट्रोजन, छापले होते, तिकडे लक्षच गेले नाही.

पाणी उकळून प्यावे, हा इथे दिलेला सल्लाही नायट्रेटला लागू पडत नाही, कारण उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटून नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. घरात सहा महिन्यांच्या आतले, वरच्या दुधावरचे बाळ असेल, तर फेरतपासणी होईपर्यंत दुधाची पावडर कालवायला हे पाणी अजिबात वापरू नये.