क्वेस्ट ३ की पिको ४ अल्ट्रा? अन् सगळं एकाच कंपनीच्या हातात जाऊन राहिलं त्याचं काय

टर्रीपोहे_धरमपेठ:
भाचा जर्मनीतून दिवाळीला येऊन राहिला, व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यावर चढवून गेम खेळायचा तो डबा, आणतो म्हणते. नावं दोन, मेटाचा क्वेस्ट ३ अन् टिकटॉकवाल्या बाइटडान्सचा पिको ४ अल्ट्रा. चिप दोघात एकच, क्वालकॉमची एक्सआर२ जेन २, उलट रॅम पिकोत १२ जीबी अन् क्वेस्टमध्ये ८. तरी ज्याले विचारा तो क्वेस्टच सांगते. काऊन? फेसबुकनं, म्हणजे आताच्या मेटानं, २०१४ मध्ये ऑक्युलस ही हेडसेटवाली कंपनी घेतली, २०१९ मध्ये बीट सेबर हा व्हीआर गेम बनवणारे घेतले, मग व्हीआर व्यायामाचं ॲप बनवणारी विदिन घ्यायला निघाले तेव्हा एफटीसी, म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीवर नजर ठेवणारी अमेरिकेची सरकारी संस्था, कोर्टात गेली, पण २०२३ मध्ये कोर्टानं अडवलं नाही. हेडसेट यांचा, दुकान यांचं, आता गेमवालेही यांचेच.

फुटाळा_किनारा:
भाऊ रॅम काय चाटायची आहे का, गेम कुठं आहेत ते पाहा ना. अन् एकट्यानं मलाई खाल्ली म्हणता तर मलाई आहे कुठं, २०२४ मध्ये मेटाच्या व्हीआरवाल्या विभागाले, रिअ‍ॅलिटी लॅब्सले, सुमारे १,७७० कोटी डॉलरचा तोटा झाला. ॲपलनं हेडसेट काढला तो ३,४९९ डॉलरचा, तो काय बापाच्यानं घेणं होते? क्वेस्टचा स्वस्तातला ३एस २९९ डॉलरले निघाला म्हणून तर आपल्यासारखे विचार करून राहिले.

टर्रीपोहे_धरमपेठ:
तोटा खाऊन विकते हेच तर मी म्हणून राहिलो बे! २०१६ ले जिओचं सिम फुकट भेटलं तेव्हा बर्डीवर लायनीत मीही होतो. दोन वर्षांत एअरसेलचं दिवाळं निघालं, व्होडाफोन अन् आयडियाले एक व्हावं लागलं, अन् २०२४ ले रिचार्ज वाढले तेव्हा जायचं कुठं? क्वेस्ट २ चे बी २०२२ मध्ये १०० डॉलर वाढवले, माल तोच.

फुटाळा_किनारा:
अन् जिओ नसतं तर हे एवढं पुराण तू टू-जीवर लिहिलं असतं 😂

महालची_मुलगी:
दोघंही किमतीवरच भांडताय. माझ्याकडे क्वेस्ट ३ आहे, पिको मैत्रिणीचा वापरलाय. पिकोची बॅटरी मागे असते म्हणून वजन नाकावर येत नाही, क्वेस्ट पुढून जड, आणि मे महिन्यात कूलरसमोर बसूनही फोम घामानं चिंब अन् लेन्सवर वाफ, दहा मिनिटांत काढून पुसायचा. पण खरी गोम गेममध्ये आहे. क्वेस्टच्या स्टोअरवर मी सतरा गेम घेतलेत, उद्या पिको घेतला तर त्यातला एकही सोबत येणार नाही, मग कितीही चांगला असला तरी मी कशाला बदलू? स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतलेले व्हीआर गेम दोन्हीकडे चालतात, फक्त पीसी दणकट पाहिजे.
आणि भाऊ, कोणताही आणा, गॅलरीत उन्हात ठेवू नका. माझ्या पहिल्या हेडसेटवर लेन्समधून ऊन पडलं, चहा होईस्तोवर स्क्रीनवर पिवळा डाग. चूक माझीच.

टर्रीपोहे_धरमपेठ:
पीसी पोराचा आहे ताई, ग्राफिक कार्डवाला. स्टीमवरच घेतो मग गेम. भाच्याले पिको सांगून दिला.

फुटाळा_किनारा:
अन् बिघडला तर दुरुस्तीले जर्मनीले कोण नेईन, भाचा?