मदत हवी आहे: पिशवीतल्या मॅशचे तापमान टप्प्याटप्प्याने कसे चढवावे?

नमस्कार. मी म्युनिकमध्ये राहतो आणि घरी 30 लिटरच्या स्टीलच्या पातेल्यात, धान्य कापडी पिशवीत ठेवून, गरम पाण्यात भिजवून (म्हणजे मॅश करून) बिअर बनवतो. सध्या म्युनिक डुंकेल (इथली गडद, माल्टच्या चवीची बिअर) चालू आहे. धान्य जवळजवळ सगळे म्युनिक माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), रंगापुरते थोडे काराफा (खूप भाजलेले काळे माल्ट). 63 अंश सेल्सिअसला अर्धा तास, 72 ला अर्धा तास आणि शेवटी 78 ला नेऊन पिशवी उचलायची, असा क्रम ठेवतो.

अडचण 63 वरून 72 वर जाताना येते. तळाशी जाळी असल्यामुळे पिशवी करपत नाही, पण खालचे पाणी झपाट्याने तापते आणि पिशवीच्या मधोमध, जिथे भरड लापशीसारखी घट्ट बसलेली असते, तिथे थर्मामीटर चार-पाच अंश मागेच राहतो. सतत ढवळूनही वीसेक मिनिटे जातात, आणि तेवढ्यात बीटा-अमायलेजचे (स्टार्चची आंबणारी साखर करणाऱ्या एन्झाइमचे) काम चालूच राहत असल्यामुळे, माझ्या अंदाजाने, वर्टमधली (धान्यातून उतरलेल्या गोड पाण्यातली) आंबणारी साखर वाढते. 1.052 घनतेवरून (पाण्याची 1.000 धरून) निघालेली बिअर 1.014 ला थांबायला हवी, ती 1.009 पर्यंत उतरते आणि कोरडी लागते. डुंकेलला हे अजिबात शोभत नाही.

63 चा टप्पाच पंधरा मिनिटांवर आणावा, की सुरुवातीचा मॅश घट्ट ठेवून नंतर उकळते पाणी ओतावे? थोडी भरड वेगळी काढून, उकळून परत घालण्याची इथली जुनी डिकॉक्शनची रीत पिशवीसोबत कोणी वापरली असल्यास, किती भाग काढला हेही कृपया कळवावे. यीस्ट बदलण्याचा विचार तूर्त नाही.