३० शर्यती, १ विजय, तरी वर्षाचा विजेता : जिंकणाऱ्याच्या गाडीवर वजन लादणं बरोबर आहे का?

संत्रावाला, वरूड

या आठवड्यात आमच्या फिडरची लाईन रात्रीची आहे. बागेला पाणी सुरू केलं की बांधावर बसून राहावं लागतं, मोटर कधी ट्रिप होईल सांगता येत नाही. या बसण्यात मी ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपदाचा २०१८ चा अख्खा हंगाम मोबाइलवर पाहून काढला. काल शेवटची शर्यत संपली आणि तेव्हापासून जीव खट्टू झाला आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला शोरूमच्याच गाड्या, आत दोन लिटरचं टर्बो इंजिन, साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास. वर्षात १० मुक्काम, दर मुक्कामाला रविवारी ३ शर्यती, एकूण ३०. त्या वर्षी या ३० शर्यती १७ वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी जिंकल्या. वर्षाचा विजेता ठरला उत्तर आयर्लंडचा कॉलिन टर्किंग्टन, बीएमडब्ल्यूमधून. त्यानं वर्षभरात जिंकलेल्या शर्यती किती? एक.

याला कारण तिथला तेव्हाचा वजनाचा नियम. गुणतक्त्यात जो पहिला, त्याच्या गाडीत पुढच्या मुक्कामाला ७५ किलो लोखंड. दुसऱ्याला ६६, तिसऱ्याला ५७, असं उतरत दहाव्यापर्यंत. मग पहिली शर्यत झाली की तिच्या निकालावरून पुन्हा वाटप. वर तिसऱ्या शर्यतीत पुढचे काही नंबर चिठ्ठी काढून उलटे लावायचे.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या बागेत अंबिया बहार चांगला फुटला त्याच्या पाण्याचे तास कमी करा, म्हणजे शेजाऱ्याची बाग बरोबरीला येईल, असं कोणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? पोरगा रात्रंदिवस खपून गाडी बसवतो, जिंकतो, आणि बक्षीस म्हणून पोतं डोक्यावर. हे मला पटत नाही. तुमचं काय मत?

गॅरेजवाला, आर्वी

संत्रावाला भाऊ, मी तुमच्या विरोधात आहे आणि मनापासून आहे.

बावीस वर्षं गाड्यांच्या खाली घातली, म्हणून वजनाचं आधी सांगतो. या गाड्या तेराशे किलोच्या घरात. ७५ किलो म्हणजे शेकडा पावणेसहा. युरियाची थैली ४५ किलोची, म्हणजे दीड थैलीहून थोडं जास्त. सरळ रस्त्यावर ते फारसं जाणवत नाही. जाणवतं ब्रेकवर. तेवढ्याच वेगावरून थांबायला पावणेसहा टक्के जास्त ताकद जिरवावी लागते, दर वळणाला, दर फेरीला. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर तिचे पुढचे टायर ओढतातही, वळवतातही आणि ब्रेकचा मोठा भारही तेच घेतात. शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत ते घासून गुळगुळीत होतात आणि गाडी वळणात बाहेर बाहेर जायला लागते. माझ्याकडे एक पिकअप येते, मालक नेहमी पासिंगपेक्षा जास्त भरतो. तिचे ब्रेक पॅड मी निम्म्या किलोमीटरला बदलतो. हातात घेतले की काचेसारखे चकाकतात, धरायला काही उरलेलंच नसतं.

आता हे सोसूनही जो माणूस दर शर्यतीत गाडी सांभाळून पहिल्या पाच-सातात आणतो, तो लहान ड्रायव्हर म्हणायचा का? मी तर म्हणतो त्या वर्षीची सगळ्यात कठीण परीक्षा त्यानंच दिली.

आणि हे वजन काढून टाकलं तर काय होईल ते समजून घ्या. कंपनीचा पैसा ज्यांच्या मागं आहे असे तीन-चार संघ सगळं लुटून नेतील. २०१८ च्या रांगेत होंडा होती, सुबारू होती, टोयोटा, फोर्ड, एमजी, ऑडी, मर्सिडीज, अल्फा रोमिओसुद्धा. त्यातले कितीतरी छोटे घरचे संघ. वडील, भाऊ, दोन मेकॅनिक. त्यांना वर्षातून एखादा रविवार उजाडतो तो या नियमामुळे. तो रविवार काढून घेतला तर पुढच्या वर्षी ते येणारच नाहीत.

पटवाला, चांदूर रेल्वेकडचा

मी पटाचा, म्हंजे बैलजोडीच्या शर्यतीचा माणूस. गाड्यातलं मले जास्त समजत नाही, पण पोरगा लावून देते अन मी पाह्यतो.

मी संत्रावाले भाऊच्या बाजूनं हाय. आमच्या इकडं तळेगाव दशासरचा शंकरपट म्हणजे लोक दुरून बंड्या, टेम्पो भरून येते. जितलेल्या जोडीच्या छकड्यावर उद्या कोणी धोंडा ठेवला, तर पाह्यणारा एक माणूस जागेवर राह्यणार नाही. जोडी पयली आली ती धन्यानं पोसली म्हणून आली. २०१४ ले बंदी आली तवा लोकं म्हणे, इकून टाका बैल. म्या नाही इकले. डिसेंबर २०२१ ले कोर्टानं परवानगी देल्ली तोवर पटाचं काहीच नाही, अन तरी रोज सकाळी ढेप, सरकी, मालिश. त्या जोडीचं जितणं कोणी हलकं करन तर मले नाही चालत.

विज्ञान शिक्षिका, वणी

दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटतं राग चुकीच्या जागी निघतोय. टर्किंग्टनच्या एका विजयाला वजन जबाबदार आहेच, पण त्याहून जास्त जबाबदार गुणांचा तक्ता आहे.

तिथं पहिल्याला २०, दुसऱ्याला १७, तिसऱ्याला १५, मग १३, ११, १०, ९ असं पंधराव्याला १ पर्यंत. आता हिशेब करा. एकानं एक शर्यत जिंकली आणि दुसरीत गाडी भिंतीला लावली : २०. दुसरा दोन्ही वेळा पाचवा आला : २२. पाचवा आलेला पुढे! हा तक्ता धडपडणाऱ्याला नाही, टिकणाऱ्याला गुण देतो. पहिल्याला ३० केले असते तर याच हंगामाचा निकाल कदाचित वेगळा लागला असता, वजन तेच ठेवून.

तेव्हा भाऊ, तुमचा प्रश्न "वजन असावं का" हा नाही. तुमचा प्रश्न आहे "वर्षाचा विजेता म्हणजे कोण", सगळ्यात वेगवान की सगळ्यात सातत्याचा. मी सातत्याच्या बाजूची आहे. वर्गात एका चाचणीत पैकीच्या पैकी आणि पुढच्या दोन चाचण्यांना गैरहजर, अशा मुलाला मी पहिला नंबर देणार नाही.

संत्रावाला, वरूड

ताई, गुणांचं तुमचं म्हणणं मान्य. तो हिशेब मी केला नव्हता, केला असता तर धागा जरा वेगळा लिहिला असता.

पण चाचणीचं उदाहरण मला उलटं वाटतं. तुम्ही पहिल्या चाचणीत पहिल्या आलेल्या मुलाला दुसऱ्या चाचणीत दहा मिनिटं कमी देता का? तिथं तेच चाललंय. आणि गॅरेजवाले दादा, छोट्या संघाला रविवार मिळतो म्हणता. त्या पोराला रात्री झोपताना माहीत असतं ना की पुढचे सगळे भरलेले होते आणि मी मोकळा होतो. असला विजय तो किती दिवस पुरवणार?

गॅरेजवाला, आर्वी

आयुष्यभर पुरवेल, भाऊ. मी सांगतो. छोट्या माणसाला एकदा वरच्या पायरीवर उभं राहू द्या, त्याला प्रायोजक मिळतो, पुढच्या वर्षी बरं इंजिन मिळतं. पहिला घास कोणी भरवला हे नंतर कोणी विचारत नाही.

आयटीआयवाला, हिंगणघाट (सध्या घरी)

मी २०१३ च्या सुमारास चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरकडे कंपनीत होतो. जवळच इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक, मद्रासवाल्या क्लबचा, ३.७ किलोमीटरचा. आपल्या देशातल्या राष्ट्रीय कार शर्यती बहुतेक तिथंच किंवा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर होतात. विदर्भातल्या पोरानं ते पाहायचं म्हणजे सेवाग्रामहून जीटी एक्सप्रेस पकडून चेन्नई गाठायची. मी रविवारी सुट्टी असली की सायकलनं जायचो.

तिथं मी फोक्सवॅगनच्या पोलो कपच्या गाड्या पाहिल्या. सगळ्या एकसारख्या. कोणाला वजन नाही, कोणाला सूट नाही, जो हाकेल तो जिंकेल. वळणावर जाळीला नाक लावून उभा होतो. त्याच वळणावर एक गाडी दर फेरीला तिथंच ब्रेक मारायची जिथं रस्त्यावर डांबराचा काळा डाग होता, इंचभर इकडं तिकडं नाही. बाकीच्यांचं कधी आधी कधी नंतर. शर्यत तीच गाडी जिंकली. तेव्हा कळलं की ड्रायव्हर म्हणजे काय. गाड्या सारख्या होत्या म्हणूनच कळलं.

म्हणून माझं मत : वजनबिजन सोडा, सगळ्यांना एकच गाडी द्या. वाद मिटला.

गॅरेजवाला, आर्वी

वाद मिटला आणि शर्यतही मिटली. टूरिंग कारमध्ये लोक कशाला जातात? माझ्या घरी उभी आहे तीच गाडी तिथं पळतेय म्हणून. होंडावाला होंडासाठी ओरडतो, फोर्डवाला फोर्डसाठी. सगळ्या पोलो असतील तर मी कोणासाठी ओरडू?

निवृत्त गुरुजी, दारव्हा

या खेळाची जुनी गोष्ट इथं सांगणं भाग आहे, कारण तुमचा वाद ती स्पर्धा जन्मली त्याच वर्षी होऊन गेला आहे.

१९५८ हा ब्रिटिश स्पर्धेचा पहिला हंगाम. तेव्हा गाड्या इंजिनाच्या आकाराप्रमाणे गटांत असत आणि गुण गटातल्या नंबरावर मिळत. त्यामुळे छोट्या गटातली गाडी सगळ्यांच्या मागे असूनही वर्षाची विजेती होऊ शके. पुढेही झाल्या : १९८६ आणि १९८७ ला ख्रिस हॉजेट्सची टोयोटा कोरोला, १९८९ ला जॉन क्लीलँडची व्हॉक्सहॉल ॲस्ट्रा. तेव्हा समोर फोर्ड सिएरा कॉसवर्थसारख्या राक्षसी गाड्या होत्या, शर्यतीत पुढे त्याच असत. म्हणजे संत्रावाले, "एकदाही सगळ्यांच्या पुढे न येता विजेता" ही तिथली जुनीच रीत आहे.

तर १९५८ ला हंगाम संपला आणि जॅक सीअर्स व टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे झाले. सीअर्स ऑस्टिन वेस्टमिन्स्टरमध्ये, सॉपविथ ३.४ लिटरच्या जॅग्वारमध्ये. नाणं उडवून ठरवा असं सुचवलं गेलं. दोघांनाही ते रुचलं नाही. मग ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर दोन एकसारख्या रायली गाड्या आणल्या. पाच फेऱ्यांची शर्यत झाली. मग दोघांनी गाड्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा पाच फेऱ्या. दोन्ही वेळांची बेरीज केली तर सीअर्स १.६ सेकंदांनी पुढे. तो पहिला राष्ट्रीय विजेता.

मला यात अदलाबदल मोठी वाटते. एकसारख्या गाड्या म्हटल्या तरी दोन गाड्या कधी एकसारख्या नसतात, हे त्यांना माहीत होतं.

विज्ञान शिक्षिका, वणी

गुरुजी, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. उद्या वर्गात सांगते, सरासरी शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आणि आयटीआयवाले दादांना उत्तर यातच आहे. एकसारखी गाडी निर्णायक दिवसाला ठीक. पण वर्षभर तेच केलं तर इंजिन बांधणारा, सस्पेन्शन बसवणारा, यांची परीक्षा कुठे होणार? गॅरेजवाले दादांसारख्यांची?

संत्रावाला, वरूड

गुरुजी, उपकार झाले. पण हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. त्यांनी सीअर्सच्या गाडीत लोखंड टाकलं नाही. नाणंसुद्धा नाकारलं, आणि आताचे लोक तिसऱ्या शर्यतीला चिठ्ठी काढतात!

दुसरं, वजन नसलं की हंगाम नीरस होतो म्हणणाऱ्यांनी १९९२ पाहावं. सगळ्यांना दोन लिटरचा एकच नियम, लोखंड नाही. शेवटच्या शर्यतीला सिल्व्हरस्टोनला क्लीलँड, विल हॉय आणि टिम हार्वी तिघंही दावेदार. हार्वीचा सोबती स्टीव्ह सोपर आणि क्लीलँड एकमेकांवर आदळले, दोघंही बाद, हार्वी विजेता. भांडण आजही चालू आहे. मला ती धडक आवडली असं नाही, क्लीलँडचं वाईटच वाटलं. पण शेवटच्या दिवसापर्यंत चुरस होती आणि ती कोणी वजनकाट्यावर तयार केली नव्हती.

गॅरेजवाला, आर्वी

एक हंगाम दाखवून चालत नाही, भाऊ. आणि आता ते लोखंड गेलंच आहे. २०२२ पासून तिथं हायब्रीड आलं, पुढच्यांना त्याची जादा ताकद कमी वेळ, मागच्यांना पूर्ण. २०२५ ला हायब्रीडही गेलं, त्याच्या जागी टर्बोचा जादा दाब आला. हत्यार बदललं, विचार तोच राहिला. त्यांना साठ-पासष्ट वर्षांच्या अनुभवानं जे कळलं ते आपण बांधावर बसून खोडून काढू नये.

पटवाला, चांदूर रेल्वेकडचा

गुरुजीनं सांगतलं तसंच आमच्या गावात झालं होतं, मी तवा पोरगाच होतो. दोन जोड्यायची वेळ सारखी आली. एका धन्याचा छकडा नवा, बाभळीचा, हलका. दुसऱ्याचा जुना, जड. जुनावाला म्हणे, मले त्याचा छकडा द्या. नवावाला म्हणे, काऊन देऊ, म्या पैसे मोजले. लय वेळ बोलाचाली. मंग म्हातारे उठले. म्हणे दोघायनं एकच छकडा घ्या, जुना घ्या, आधी हा धावते मंग तो धावते. जोखड सुटलं, तोच छकडा दुसऱ्या जोडीले लावला. मले अजून दिसते, जुन्या छकड्याची साटी ढिली होती अन धुरकऱ्यानं पळायच्या आधी दुपट्ट्यानं ती करकचून बांधली. दुसरा धुरकरी आला तर त्यानं गाठ सोडली नाही, तसाच बसला.

नवावाला जितला. जड छकड्यावर जितला. आता गॅरेजवाले भाऊ म्हणन का पाहा, वजन होतं. पण दोघायले होतं ना, बाप्पा.

गॅरेजवाला, आर्वी

काका, दोघांनाही सारखं वजन, याला मी नाही म्हणत नाही. पण तो नवावाला जिंकला हे गावाला पटलं ते जड छकड्यामुळेच. हलक्यावर जिंकला असता तर आजही लोक छकड्याचंच नाव घेतले असते. टर्किंग्टनचं मी हेच म्हणतोय.

संत्रावाला, वरूड

दादा, हा मुद्दा तुमचा बळकट आहे. यावर मला विचार करावा लागेल.

तरी तीसांत एक मला पचत नाही. लाईन आली, मोटर टाकून येतो. २०१९ चा हंगाम आज सुरू करतो, तोही टर्किंग्टननंच जिंकला आहे. या वेळी दर मुक्कामाला कोणाच्या गाडीत किती किलो होते ते वहीत लिहून ठेवणार आहे, मग बोलू.